हरल्यानंतरची दोन मिनिटं

तुमचा प्रश्न असा: मुलगा सात वर्षांचा आहे. कॅरममध्ये राणी दुसऱ्यानं घेतली की सोंगट्या उधळतो. सोसायटीत क्रिकेट खेळताना आउट दिलं की बॅट उचलून सरळ घरी येतो, आणि बॅट त्याचीच असल्यामुळे खाली उरलेल्या सात-आठ जणांचाही खेळ तिथंच संपतो. समजावून झालं, ओरडून झालं. रोज तासभर कार्टून तो बघतोच, तर त्यातूनच खिलाडूवृत्ती शिकवता येईल का? आणि येत असेल तर कोणती कार्टून लावायची?

मी साताऱ्यात प्राथमिकच्या मुलांना २३ वर्षं खेळ शिकवते आहे, मे महिन्यात शिबिरंही घेते. त्या अनुभवावर सांगते: शिकवता येतं. मात्र कार्टून लावून तुम्ही कुकर लावायला निघून गेलात तर त्यातून काहीच होत नाही, कधीकधी उलटंच होतं. ते कसं, ते पुढे येईलच.

आधी तुमच्या मुलाबद्दल. सातव्या वर्षी हरल्यावर भोकाड पसरणं हा काही आजार नाही. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानं मुलांना नियम कसे कळतात हे शोधायला चक्क गोट्यांचा खेळ निवडला होता. १९३२ साली त्याचं यावरचं पुस्तक आलं. त्याला आढळलं की चार-पाच वर्षांची पोरं शेजारी शेजारी बसून आपापलाच खेळ खेळतात आणि कोण जिंकलं विचारलं तर ‘सगळेच’ म्हणतात. सात-आठच्या सुमारास जिंकणं म्हणजे दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरणं, हे पहिल्यांदा नीट कळायला लागतं. म्हणजे हरणंही त्याच सुमारास कळतं. तुमच्या मुलाला ही बातमी नुकतीच मिळाली आहे, आणि ती त्याला अजिबात आवडलेली नाही. एवढंच झालंय.

आमच्या लहानपणी ही बातमी हळूहळू मिळायची, कारण गल्लीत ‘कच्चा लिंबू’ असायचा. मोठ्या मुलांच्या लपंडावात किंवा लंगडीत धाकट्या भावंडाला घ्यायचं, पण धरायचं नाही. तो बाद झाला तरी बाद नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. दोन-तीन वर्षं तो असाच हुंदडायचा, रडणाऱ्या मोठ्या मुलांना ‘चिडका बिब्बा’ म्हणताना ऐकायचा, रडीचा डाव खेळणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुणी भिडू घेत नाही हे बघायचा. मग एके दिवशी कुणीतरी म्हणायचं, ‘आजपासून तू पक्का.’ त्या दिवशी छाती फुगायची आणि त्याच दिवशी पहिल्यांदा राज्यही यायचं. हरायचं कसं ते बघण्यात दोन वर्षं गेलेली असल्यामुळे फार जड जायचं नाही. आता तुमच्या सोसायटीत सहा ते आठ वयाची आठ मुलं आहेत. मोठी क्लासला, धाकटी घरात. म्हणजे सगळेच पक्के आणि सगळेच एकदम नवशिके. दुसरं कुणी हरताना पाहायची सोयच उरलेली नाही.

कार्टूनचा उपयोग आहे तो नेमका इथं. दुसरं कुणीतरी हरतंय, आपण कोचावर सुरक्षित बसलोय, धरलं जाणार नाही. टीव्हीसमोरचं मूल हे एक प्रकारचा कच्चा लिंबूच असतं.

पण मग पडद्यावरचे भिडू काय करतात, ते बघावं लागतं. मी कार्टून निवडताना एकच गोष्ट बघते: कुणीतरी हरल्यानंतर पुढची दोन मिनिटं गोष्ट कुठं जाते? बहुतेक वेळा शेवटचा फटका बसतो आणि कॅमेरा जिंकणाऱ्याच्या मागे पळतो. ढोल, फटाके, खांद्यावर मिरवणूक. हरलेला तिथून गायबच होतो. किंवा तो उरतो तो केवळ हसं करून घ्यायला. ‘छोटा भीम’मधला कालिया आठवा. २००८ पासून हा पोरगा भीमाची बरोबरी करायला जातो आणि तोंडघशी पडतो. ढोलू-भोलू त्याच्या मागे असतात, तेही बघून घेतात. मला कालियाची खरंच दया येते. मुलांना त्यातून काय कळतं, तर हरणारा हा जात्याच हरणारा असतो आणि त्याला हसायचं असतं. मग ज्या दिवशी आपण हरतो त्या दिवशी आपण कालिया झालो, असं वाटणारच. सोंगट्या उधळायला तेवढं पुरतं.

शिबिरात एकदा दुसरीतल्या मुलीनं विचारलं होतं, “बाई, लाडू खाऊन कुस्ती जिंकणं हे चिटिंग नाही का?” मी हो म्हणावं की नाही, मलाच कळेना. तिनंच पुढे ठरवून टाकलं, “दोघांना लाडू दिला असता तर चाललं असतं.” म्हणजे छोटा भीम लावायचा नाही असं मी म्हणत नाही. उलट असे प्रश्न निघत असतील तर जरूर लावा. पण तो प्रश्न निघेल तेव्हा त्या खोलीत तुम्ही असायला हवं.

‘डोरेमॉन’चंही तसंच. तिथं रिकाम्या प्लॉटवर बेसबॉल असतो, नोबिताच्या हातून कॅच सुटतो, संघ हरतो आणि जियान त्याला बुकलतो. नोबिता रडत घरी येतो, डोरेमॉन पोटाच्या खिशातून काहीतरी यंत्र काढतो, त्याच्या जोरावर नोबिता सगळ्यांना हरवत सुटतो आणि शेवटी यंत्र त्याच्यावरच उलटतं. आडवाटेनं मिळवलेला विजय टिकत नाही, हे गोष्टीत असतं, नाही असं नाही. पण यंत्राची मजा आठ मिनिटं चालते आणि फजिती एक मिनिट. लहान मुलाच्या डोक्यात आठ मिनिटंच राहतात.

हा माझा एकटीचा तर्क नाही. २००६ साली अमेरिकेतल्या जेमी ऑस्ट्रोव्ह आणि डग्लस जेंटाइल या संशोधकांनी सहकाऱ्यांसह बालवाडीच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘शैक्षणिक’ म्हणवले जाणारे कार्यक्रम जास्त बघणाऱ्या मुलांमध्ये ‘तुला खेळायला घेणार नाही’, ‘तुझ्याशी कट्टी’ या छापाचं वागणं जास्त दिसलं. त्यांचा अंदाज असा की या कार्यक्रमांत भांडण बराच वेळ रंगवलेलं असतं आणि मिटतं ते शेवटी घाईघाईत. मोठ्यांना भांडण आणि समेट यांचा धागा जोडता येतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला तो जुळवता येत नाही. त्याला मिळतात ते चिडवण्याचे नवे प्रकार.

दुसरा एक अभ्यास मला फार आवडतो. मारी-लुईस मॅरेस यांचा, २००८ मधला. क्लिफर्ड नावाच्या लाल कुत्र्याच्या मालिकेतला एक भाग बालवाडीच्या मुलांना दाखवला. त्यात एक तीन पायांचा कुत्रा येतो आणि बाकीचे कुत्रे आधी त्याच्यापासून बिचकतात. जो वेगळा दिसतो त्याच्याशीही मायेनं वागावं, हा त्यातला उघड बोध. मुलांना विचारलं, काय शिकलात? बऱ्याच जणांचं उत्तर: तीन पायांच्या कुत्र्यांशी चांगलं वागावं. आता साताऱ्यात तीन पायांचे कुत्रे असे किती भेटणार!

हे वाचून मी हसले होते, आणि पुढच्याच मे महिन्यात तसंच माझ्याबाबतीत झालं. शिबिरात दुपारी वळीव आला, मैदानात तळं साचलं. चाळीस मुलं हॉलमध्ये. मी भिंतीवर ‘ब्लूई’चा एक भाग लावला. ब्लूई ही ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये तयार होणारी मालिका आहे, २०१८ साली सुरू झाली. कुत्र्यांचं एक कुटुंब, दोन बहिणी ब्लूई आणि बिंगो, आईबाबा. एक भाग साधारण सात मिनिटांचा. मी लावला तो वाढदिवसाच्या पार्सलचा. आपल्याकडे ‘पार्सल’ म्हणजे गाणं लावून उशी फिरवतात आणि गाणं थांबलं की ज्याच्या हातात उशी तो बाद. तिकडे कागदाचे एकावर एक थर गुंडाळलेलं बक्षीस फिरवतात, गाणं थांबलं की एक थर काढायचा. हल्ली प्रत्येक थरात काही ना काही खाऊ ठेवतात, म्हणजे कुणी रडायला नको. आपल्या रिटर्न गिफ्टसारखंच. या भागात एका मुलाचे बाबा जुना नियम परत आणतात: बक्षीस एकच, अगदी आतल्या थरात. मुलं रडतात, बाकीचे आईबाप वैतागतात. पण एकामागून एक वाढदिवस होत जातात आणि मुलांना तोच खेळ आवडायला लागतो. धाकट्या बिंगोच्या हाती मात्र दर वेळी काहीच लागत नाही. ती रडते, पुन्हा खेळते, पुन्हा रडते, आणि हळूहळू दुसऱ्याच्या बक्षिसाचा आनंद घ्यायला शिकते. हे सगळं सात मिनिटांत, आणि त्यातला बराच वेळ हरलेल्या पोरीच्या चेहऱ्यावर.

संपल्यावर मी विचारलं, “काय कळलं?” पहिलीतल्या एका मुलानं हात वर केला. “पार्सलमध्ये एकच गिफ्ट ठेवायचं.” दुसरा म्हणाला, “मधल्या गिफ्टसाठी शेवटी बसायचं.” झालं, माझे तीन पायांचे कुत्रे.

त्या दिवसापासून ‘काय शिकलास?’ हा प्रश्न मी सोडून दिला. तुम्हीही सोडा. मूल त्याचं उत्तर तुम्हाला खूश करायला देतं किंवा गोष्टीचा तपशील सांगतं. त्याऐवजी रिमोट हातात ठेवा आणि नेमकं कुणीतरी हरलं, त्या क्षणी चित्र थांबवा. तिथं विचारा, “आता ही काय करेल?” बस, एवढंच. उत्तर चूक की बरोबर ठरवू नका. पुन्हा चालू करा. दुसऱ्या दिवशी तोच भाग परत लावला तरी मुलांना कंटाळा येत नाही, आपल्यालाच येतो. दुसऱ्यांदा थांबवाल तेव्हा विचारा, “हिला आत्ता पोटात कसं होत असेल?” ‘पोटात कसं होतं’ हे मुद्दाम म्हणते. ‘काय वाटतं’ विचारलं की मुलं ‘वाईट’ म्हणून मोकळी होतात. पोट विचारलं की सांगतात: गरम होतं, दगड बसल्यासारखं होतं, कान तापतात. माझ्याकडच्या एका मुलानं सांगितलं होतं, “मला हात खायला उठतात.” म्हणजे उधळायला. ते त्याला स्वतःलाच पहिल्यांदा कळलं होतं.

अमेरिकेत पीबीएस या सार्वजनिक वाहिनीवर २०१२ पासून ‘डॅनियल टायगर’ नावाची मालिका आहे. अगदी लहानांसाठी, तीन-चार वर्षांच्या. त्यात प्रत्येक भागाला एकच ओळ गाण्यासारखी पुन्हा पुन्हा येते. चेंडू मारायला जमत नाही तेव्हाची ओळ म्हणजे प्रयत्न करत राहा, सुधारशील, अशा अर्थाची. २०१६ मध्ये टेक्सासमधल्या संशोधकांनी या मालिकेचा परिणाम तपासला. दुसऱ्याची भावना ओळखणं, कळवळा असणं यात फरक पडला तो अशाच मुलांत, ज्यांचे आईबाप घरी टीव्हीवर जे दिसतं त्याबद्दल मुलांशी नेहमी बोलत असत. नुसती मालिका पाहून काही झालं नाही. मला ती ओळीची युक्ती पटली. पण इंग्रजी ओळ साताऱ्याच्या मैदानात कोण म्हणणार? मुलांनाच करायला सांगितली. त्यांनी केली: ‘हरलो तर हरलो, परत मैदानात शिरलो!’ यमकाची गंमत असल्यामुळे रडता रडताही म्हणतात. तुमच्या घरची ओळ तुमच्या मुलालाच करू द्या, कशीही ओबडधोबड असली तरी.

ब्लूईचेच आणखी दोन भाग सुचवते. एकात मुलं फक्त सावलीवर पाय ठेवून पलीकडे जायचा खेळ खेळतात. एका मैत्रिणीला तो अवघड जातो आणि ती दर वेळी नियम बदलायला बघते. आपल्याकडे याला सरळ रडीचा डाव म्हणतात. ब्लूई नियम सोडत नाही, आणि शेवटी उन्हाचा मोठा पट्टा समोर असताना ढग येतो आणि सगळीकडेच सावली पडते. नियम पाळला म्हणून तो ढग एवढा गोड लागतो, हे मुलांना सांगावं लागत नाही, ती टाळ्याच वाजवतात.

दुसरा क्रिकेटचा. रस्टी नावाचं पिल्लू शेजारपाजारच्या मॅचमध्ये काही केल्या आउट होत नाही. मोठी माणसं गोलंदाजी करून थकतात, कारण बाकीच्या मुलांना बॅटिंग मिळायला हवी असते. अधूनमधून त्याची कहाणी येते: भावाच्या मोठ्या मित्रांबरोबर कसा खेळला, वेगवान चेंडू अंगावर बसल्यावर कसा घाबरला, लष्करात असलेल्या वडिलांच्या पत्रानं कसा सावरला. शेवटी धाकटी बहीण क्षेत्ररक्षणाला उभी असते. रस्टी मुद्दाम तिच्या हातात सोपा झेल देतो. तुमच्या बॅटवाल्या सुपुत्राला हा भाग जरूर दाखवा. पण एक सांगून ठेवते, पहिल्यांदा बघितल्यावर तो बहुतेक म्हणेल, “असा काय हा? आउट का झाला?” म्हणू द्या. माझ्याकडची निम्मी मुलं हेच म्हणतात. यावर लगेच भाषण देऊ नका. मी फक्त विचारते, “आता बॅट कुणाकडे गेली?”

थोडी मोठी मुलं असतील, बारा-तेराच्या पुढची, तर जपानी ‘हायक्यू’ बघा. व्हॉलीबॉलची मालिका, २०१४ साली आली. हरणाऱ्या संघालाही घर आहे, सराव आहे, शेवटचं वर्ष आहे, हे ती दाखवते. पहिल्या पर्वात नायकांचा संघ मोठी मॅच हरतो. नंतर प्रशिक्षक त्यांना खानावळीत नेतो आणि जेवायला लावतो. मेहनतीनं स्नायू तुटतात, जेवलात की भरून येतात आणि आधीपेक्षा मजबूत होतात, असं काहीसं सांगतो. ती पोरं रडत रडत भात खातात. हा प्रसंग पाहिल्यावर मला आमची खो-खोची मुलगी आठवली. स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात आम्ही दोन गुणांनी हरलो होतो. परतीच्या एसटीत बसायच्या आधी मी डबे उघडायला लावले. शेवटच्या पाठलागात फाउलमुळे गुण गेलेली मुलगी थालीपीठ हातात धरून नुसतीच बसली होती. तिच्या शेजारची काही बोलली नाही, फक्त स्वतःच्या डब्यातला लोणच्याचा खार तिच्या थालीपीठावर ओतला. मग दोघी खायला लागल्या. खिलाडूवृत्ती म्हणून मला कुणी चित्र काढायला सांगितलं तर मी ते लोणचं काढीन.

एक मालिका मात्र मी सात वर्षांच्या मुलाला दाखवणार नाही. २०१२ च्या डिसेंबरात कलर्स वाहिनीवर ‘सूरज’ आली होती, भारत आणि जपान यांनी मिळून केलेली. मुंबईतला गरीब घरचा मुलगा, क्रिकेट आणि कडक बाप. मूळ जपानी मालिका बेसबॉलची, १९६८ ची, ‘क्योजिन नो होशी’. मुळात बाप मुलाच्या अंगाला धातूच्या स्प्रिंगांचा साज घालून त्याला सराव करायला लावतो. आपल्याकडे ते फारच क्रूर दिसेल म्हणून भारतीय रूपात सायकलच्या ट्यूब आल्या. मेहनत म्हणजे काय ते अशा गोष्टीत जबरदस्त दिसतं, पण हरणं म्हणजे बापाच्या डोळ्यांतून उतरणं, हेही दिसतं. मैदानाच्या कडेला उभे राहून पोरांवर ओरडणारे बाप मी दर शनिवारी पाहते. त्यांनीच ती बघावी, मुलांशिवाय.

आता कार्टून बघून झाल्यावरचं. त्याच संध्याकाळी दहा मिनिटांचा एखादा खेळ खेळा, नाहीतर पाहिलेलं हवेतच राहतं. आणि सुरुवात कॅरमनं करू नका. सापशिडीनं करा. आपल्या जुन्या मोक्षपटाचीच ती सावत्र बहीण. सगळा फाशाचा खेळ, त्यात हरणारा ‘ढ’ ठरत नाही. ९८ वरून साप गिळतो तेव्हा बाबाही ओरडतात हे त्याला दिसलं पाहिजे. त्या वेळी तुम्ही जरा नाटक करा: “अरे बापरे, माझे कान तापले!” आणि मग फासा पुढे द्या. दोन आठवडे नशिबाचे खेळ, मग पत्त्यांत सात-आठ किंवा भिकार-सावकार, मग कॅरम.

कॅरममध्ये मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळतं, आणि कळलं की दोन्ही बाजूंनी अपमान होतो. त्याऐवजी फरक उघड करून टाका: “मी डाव्या हातानं स्ट्रायकर मारणार.” किंवा “तुला चार सोंगट्या आधीच.” हा फरक दर महिन्याला थोडा कमी करत जायचा. कच्च्या लिंबाचं पक्क्यात रूपांतर म्हणजे दुसरं काय असतं?

आणि एक काम मी शिबिरात हमखास करून घेते, ते घरीही जमेल. मुलालाच कार्टून काढायला लावा. कागदावर सहा चौकोन. पहिल्यात: मी आउट झालो. सहाव्यात: सगळे परत खेळतायत. मधले चार त्यानं भरायचे. यात खरी मजा असते, कारण ती दोन मिनिटं त्याला स्वतःला भरावी लागतात. तिसरीतल्या एका मुलानं चार चौकोनांत स्टंप उपटून फेकले, एकापेक्षा एक लांब. सहावा चौकोन आला आणि अडकला. बराच वेळ पेन्सिल चावत बसला. मग पाचवा चौकोन खोडून त्यात स्वतःला लांब जाऊन स्टंप आणताना काढलं. मी विचारलं, “तूच का?” म्हणाला, “मग कोण आणणार बाई?” थोडी मोठी मुलं चिकटकागदांच्या गठ्ठ्यावर हीच चित्रं काढून भरभर उलटतात, चित्र हलायला लागतं. याच पद्धतीनं आमच्या सातवीच्या मुलांनी १९८० ची वानखेडेवरची गोष्ट केली. पंचांनी इंग्लंडच्या बॉब टेलरला बाद दिलं होतं, तो परत निघालाही होता, आणि आपला कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ यानं त्याला परत बोलावलं. टेलर आणि बोथम मग टिकून राहिले आणि आपण ती कसोटी हरलो. मुलांनी शेवटचं पान विश्वनाथच्या पाठमोऱ्या आकृतीचं काढलं होतं. त्याचा चेहरा कसा काढायचा यावर त्यांचं एकमत झालं नाही. दोघांचं म्हणणं होतं की तो हसत असेल, तिघांचं होतं की त्याला मनातून वाईट वाटत असेल. पाठ काढून तोडगा निघाला.

वेळेचं थोडक्यात. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा सल्ला आहे की दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास पडदा, पाच ते दहाला दोन तासांच्या आत. तुमचा एक तास ठीक आहे. त्यातला एकच भाग, सात ते दहा मिनिटं, तुम्ही शेजारी बसून बघा. उरलेल्या वेळात त्याला जे बघायचं ते बघू दे. सगळ्याच कार्टूनांचा तास घेतलात तर तो कार्टूनही सोडेल आणि तुम्हालाही.

आणि रागावू नका, पण घरात आयपीएल चालू असताना ‘अंपायरनं मॅच खाल्ली’ हे वाक्य कोण म्हणतं, तेही एकदा बघा. सात वर्षांचं मूल कार्टूनपेक्षा ते जास्त लक्षपूर्वक ऐकतं. नऊ-दहाव्या वर्षानंतरही हरल्यावर तो कुणाला मारत असेल, किंवा हरण्याच्या भीतीनं खेळणंच सोडत असेल, तर मात्र शाळेच्या समुपदेशकांना जरूर भेटा. तिथं कार्टूनवर भागत नाही.

राहता राहिली ती बॅट. आमच्या मैदानात नियम आहे की खेळायला आणलेली बॅट खेळ संपेपर्यंत सगळ्यांची. तुमच्या सोसायटीत तो आजच लागू करा, मुलांसमोर, त्याच्याही संमतीनं. आणि खेळ सुरू व्हायच्या आधी, आउट झाल्यावर नव्हे. बॅट ठेवायची जागा वॉचमनकाकांची केबिन. पहिले तीन-चार दिवस तो रडत, पाय आपटत, रिकाम्या हातानं वर येईल. दार उघडा, पाणी द्या, काही विचारू नका. पाचव्या दिवशी तो गॅलरीच्या कठड्याला लटकून खाली बघत असेल, आपल्या बॅटनं कोण किती काढतोय ते मोजत.